गुडघ्याच्या कलमाची परीक्षा

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या शेजारच्या बिऱ्हाडांतील एकवीस वर्षांच्या मुलाचा गुडघा कबड्डी खेळतांना दुखावला. पाय जमिनींत रोवलेला होता, अंग मात्र वळलें, आणि आंत कांहीं तरी ‘टप्’ करून तुटल्याचा आवाज त्याचा त्यालाच ऐकूं आला. तपासणी झाली, शस्त्रक्रिया ठरली. तिच्या आदल्या आठवड्यांत त्याचे वडील एक सचित्र पत्रक घेऊन माझ्याकडे आले. गुडघ्यांत जो स्क्रू बसवावयाचा होता त्याचें तें पत्रक. त्यावर ठळक आंकड्यांत छापलें होतें कीं, हा स्क्रू ९०० न्यूटनांपर्यंत ताण सहन करतो. “म्हणजे किती हो?” असें त्यांनीं विचारलें. मीं हिशेब करून सांगितलें, “सुमारें ९२ किलो वजन टांगावें इतका.” त्यावर ते म्हणाले, “मग झालें तर! मुलाचें सगळें वजनच मुळीं ६५ किलो आहे.”

त्यांचें समाधान झालें, माझें मात्र झालें नाहीं. मी वैद्य नव्हें. यंत्रशास्त्र शिकवणें आणि लोखंडाच्या कांबी, दोर, काँक्रीटचे ठोकळे यंत्रांत घालून तोडणें हा माझा धंदा. त्या धंद्यामुळें मला इतकें ठाऊक आहे कीं, ‘अमुक वस्तु अमुक वजनाला तुटते’ हें विधान कानीं पडलें म्हणजे लागलीच तीन गोष्टी विचारावयाच्या असतात. ती वस्तु कशांत बसवून ओढली? एकदांच ओढली, कीं पुन्हां पुन्हां? आणि तुटण्यापूर्वीं ती किती सरकली? पत्रकांत यांपैकीं एकाहि प्रश्नाचें उत्तर नव्हतें. हीं उत्तरें कशीं मिळवतात, आणि गुडघ्याच्या बाबतींत त्यांवर इतकें कां अवलंबून असतें, तें आज आपणांस सांगावयाचें आहे.

गुडघा म्हणजे दाराच्या बिजागरीसारखा सांधा, असें आपण समजतों. पण बिजागरींत खिळा असतो. गुडघ्यांत तसें कांहीं नाहीं. मांडीच्या हाडाचीं दोन गोल टोकें नडगीच्या हाडाच्या जवळजवळ सपाट माथ्यावर नुसतीं टेकलेलीं असतात. त्यांना जागेवर धरून ठेवण्याचें काम दोरासारखे बळकट बंध करतात. त्यांपैकीं दोन बंध सांध्याच्या ऐन पोटांत एकमेकांना फुली मारून जातात. या फुलींतील पुढच्या बंधाचें मुख्य काम म्हणजे, नडगीला मांडीच्या हाडाखालून पुढें सरकूं न देणें. डॉक्टर मंडळी त्याला ए. सी. एल. म्हणतात, घरोघरीं तो ‘लिगामेंट’ एवढ्याच नांवानें ओळखला जातो. लांबी अवघी साडेतीन सेंटिमीटरांच्या आसपास. पण त्याचें बळ पहा. १९९१ सालीं अमेरिकेंत वू आणि त्यांचे सहकारी यांनीं मृत व्यक्तींचे गुडघे यंत्रांत घालून हा बंध तुटेपर्यंत ओढला. २२ ते ३५ वर्षे वयाच्या गुडघ्यांत तो सरासरी २१६० न्यूटनांना, म्हणजे सुमारें २२० किलोंना तुटला. ६० ते ९७ वर्षे वयाच्या गुडघ्यांत मात्र ६५८ न्यूटनांनाच, म्हणजे ६७ किलोंच्या आसपास, त्यानें हार खाल्ली. हा दुसरा आंकडा श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

हा बंध पुरता तुटला म्हणजे बहुधा आपल्या आपण सांधत नाहीं. म्हणून रोग्याच्याच पायांतून दुसरी दोरी काढून ती त्याच्या जागीं बसवतात. एक तर गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेचा मधला पट्टा घेतात. त्याच्या दोन्ही टोकांना हाडाचा लहानसा ठोकळा चिकटलेला ठेवतात. किंवा मांडीच्या मागच्या अंगाच्या दोन लांब कंडरा काढून, त्या दुमडून चार पदरी करतात. मग मांडीच्या आणि नडगीच्या हाडांत बोगदे कोरून त्यांतून ही दोरी ओवतात, ताणतात आणि दोन्ही टोकें पक्कीं करतात. या दोरीला वैद्यकांत कलम म्हणतात, आणि हा शब्द मला फार यथार्थ वाटतो. कोंकणांत आंब्याचें कलम बांधतांना फांदी खुंटाशीं घट्ट आवळून ठेवतात. बांधणारी सुतळी झाडाला जगवीत नाहीं. दोन्ही लांकडें एकजीव होईपर्यंत त्यांना हलूं न देणें, एवढेंच तिचें काम. पण तेवढ्या अवधींत ती ढिली झाली तर कलम धरत नाहीं.

कलमाची दोरी स्वतः कच्ची असते असें नव्हे. चारहि पदरांवर सारखा ताण ठेवला तर मांडीच्या मागच्या कंडरांचें चौपदरी कलम चार हजार न्यूटनांहून अधिक ताण घेतें, असें १९९९ सालच्या प्रयोगांत दिसून आलें. म्हणजे मूळ बंधाच्या जवळजवळ दुप्पट! (चार पदरांपैकीं एखादा सैल राहिला तर अर्थातच हा हिशेब कोसळतो. चौघांनीं मिळून उचललेल्या पालखींत एकानें खांदा चुकवावा, तशांतला प्रकार.) परंतु विहिरींत पोहरा पडतो तो बहुधा दोर तुटल्यामुळें नव्हे, कडीपाशीं मारलेली गांठ सुटते म्हणून पडतो. गुडघ्यांतहि पहिले कांहीं आठवडे भीति असते ती दोरीची नव्हे, गांठीची.

ही गांठ अनेक परींनीं मारतां येते. सर्वांत प्रचारांतली परी सुताराच्या पाचरीसारखी आहे. कुऱ्हाडीचा दांडा ढिला झाला म्हणजे आपण जशी फटींत पाचर ठोकतों, तसा बोगद्याची भिंत आणि कलम यांच्या मधल्या फटींत स्क्रू पिळतात. त्याच्या दाबानें कलम भिंतीशीं चेपून बसतें. दुसरी परी बटणाची. धातूचें लहानसें लांबट बटण बोगद्यांतून हाडाच्या पलीकडे काढून आडवें फिरवतात. त्याला अडकवलेल्या फांसांत कलम लोंबतें. तिसरींत मांडीच्या हाडांतून आडवी खुंटी घालून कलमाचा दुमड तिच्यावरून टाकतात. याशिवाय कांटेरी चकत्या आहेत, लोखंडी आंकडे आहेत, नुसते टांकेहि आहेत.

आतां थोडा इतिहास सांगितला पाहिजे, कारण गांठीची परीक्षा घेण्याची निकड केव्हां उत्पन्न झाली तें त्यावरून कळतें. ब्रिस्टलचे शस्त्रवैद्य हे ग्रोव्हज् यांनीं १९१७ सालीं मांडीच्या बाहेरच्या अंगाची बळकट पट्टी हाडांतील बोगद्यांतून ओवून हा बंध नवा करण्याची रीत प्रसिद्ध केली. त्यानंतर कित्येक दशकें गांठ मारण्याचीं साधनें दुबळींच होतीं. पण तें फारसें जाणवत नसे, कारण शस्त्रक्रियेनंतर पाय सहा सहा आठवडे प्लास्टरमध्यें बंद असे. गांठीवर ताण येईल कोठून? त्याची किंमत मात्र रोगी भरीत असे. प्लास्टर निघे तेव्हां मांडी वाळलेली आणि गुडघा आंखडलेला. १९९० सालीं शेल्बोर्न आणि निट्झ् यांनीं ‘जलद पुनर्वसना’चा आपला अनुभव प्रसिद्ध केला. गुडघा पहिल्या दिवसांपासून पुरता सरळ करावयाचा, पाय लवकर टेकूं द्यावयाचा, हालचाल चालू ठेवावयाची. रोग्यांना हें वरदानच होतें. पण प्लास्टरनें जो भार इतकीं वर्षें मुकाट्यानें उचलला होता, तो आतां त्या एका स्क्रूवर येऊन पडला.

स्क्रूचें स्थान तोंपर्यंत ठरत आलें होतें. १९८३ सालीं लॅम्बर्ट यांनीं हाडाच्या ठोकळ्याशेजारीं स्क्रू पिळण्याची युक्ति वर्णिली. १९८७ सालीं कुरोसाका आणि त्यांचे सहकारी यांनीं मृत व्यक्तींच्या गुडघ्यांवर निरनिराळ्या गांठी लावून त्या ओढून पाहिल्या. ९ मिलिमीटर जाडीचा मुद्दाम घडवलेला स्क्रू सर्वांत श्रेष्ठ ठरला. तो सुमारें ४७६ न्यूटनांना सुटला. नेहमींचा साडेसहा मिलिमीटरांचा स्क्रू त्याच्या निम्म्यालाहि पुरला नाहीं. या प्रयोगानें एक गोष्ट स्पष्ट केली. कलम कोणतेंहि घ्या, शस्त्रक्रियेच्या दिवशीं सांखळींतील कच्ची कडी म्हणजे गांठच.

ही परीक्षा प्रत्यक्ष कशी चालते? माझ्या प्रयोगशाळेंत लोखंड ओढावयाचें जें यंत्र आहे, त्याच जातीच्या यंत्रावर. खालीं एक पकड, वर एक पकड. वरची सावकाश वर चढते. किती जोर लागला तें भारमापक सांगतो, किती अंतर गेलें तें यंत्र टिपतें. हाडाचें टोक रेझिनच्या ठोकळ्यांत पक्कें रोवून खालच्या पकडींत धरतात. खरी पंचाईत वरच्या टोकाला होते. ओली कंडरा म्हणजे न्हाणीघरांतला साबण! जितकें आवळावें तितकी ती निसटते, आणि फारच आवळलें तर पकडीच्या कडेपाशीं चिरडून तुटते. मग तुटली ती गांठ, कीं पकड? यावर संशोधकांनीं काढलेली तोड मोठी नामी आहे. पकडीच्या दोन्ही जबड्यांभोंवतीं सुका बर्फ भरतात. कंडरेचें टोक गोठून लांकडासारखें कठीण होतें आणि दांतांत पक्कें बसतें. खालीं हाडापाशीं मात्र मिठाचें पाणी शिंपडून सर्व कांहीं ओलें आणि मऊ ठेवावें लागतें. वीतभर अंतरांत वर हिंवाळा आणि खालीं पावसाळा!

अंतर मोजण्यांतहि एक मेख आहे. यंत्र चार मिलिमीटर चढलें, याचा अर्थ गांठ चार मिलिमीटर सरकली असा नव्हे. त्यांत कंडरेचें स्वतःचें लांबणेंहि आलें. म्हणून काळजीपूर्वक काम करणारे कलमावर आणि हाडावर खुणा करून कॅमेऱ्यानें त्यांच्यामधलें अंतर पाहतात. शिवाय कंडरा ही नव्या सुंभाच्या दोरीसारखी असते; पहिले कांहीं हिसके तिला लांबवतात, मग ती स्थिरावते. तेव्हां परीक्षेपूर्वीं तिला थोडे हलके ताण देऊन ‘रुळवून’ घ्यावें लागतें.

सर्वांत सोपी परीक्षा एकदांच ओढण्याची. आलेखावर रेषा चढत जाते, शिखर गांठते आणि कोसळते. शिखराची उंची म्हणजे बळ. चढत्या रेषेचा उभेपणा म्हणजे ताठरपणा. पत्रकावरचा ९०० हा आंकडा अशाच एका शिखराची उंची असावा. पण आपला मुलगा शस्त्रक्रियेनंतर एकदांच मोठा हिसका देतो काय? तो चालतो. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत, न्हाणीघरापासून खिडकीपर्यंत, आणि घरच्यांचा डोळा चुकवून जिन्यापर्यंत. नॉयस आणि त्यांचे सहकारी यांनीं १९८४ सालीं जो अंदाज मांडला त्याप्रमाणें, नित्याच्या व्यवहारांत या बंधावर येणारा ताण सुमारें ४५४ न्यूटनांपर्यंत जातो, म्हणजे ४६ किलोंच्या घरांत. तो येतो आणि जातो, पुन्हां येतो आणि जातो. दिवसाला सहा हजार पावलें टाकणारा मनुष्य एका गुडघ्याला तीन हजार हिसके देतो. जमिनींत ठोकलेली खुंटी गाय एकदम उपटीत नाहीं. ती दिवसभर मान हलवून ती ढिली करते.

गुडघ्यांत ढिलेपणाला फार थोडी जागा आहे. बरा झालेला गुडघा डॉक्टर दुसऱ्या, धडधाकट गुडघ्याशीं ताडून पाहतात. नडगी पुढें ओढली असतां दोहोंत ३ मिलिमीटरांपेक्षां अधिक फरक दिसला तर मनांत शंका येते; ५ च्या पुढें गेला तर कलम निकामी झालें असें धरण्याची वहिवाट आहे. तीन मिलिमीटर म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या निम्म्याएवढें अंतर. गांठ न तुटतां, कोठें आवाज न होतां, नुसती एवढी सरकली कीं सर्व मेहनत पाण्यांत.

म्हणून पुन्हां पुन्हां ओढण्याची परीक्षा आली. फिनलंडमधील कौसा आणि त्यांचे सहकारी यांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केलेले प्रयोग या क्षेत्रांत वारंवार उल्लेखिले जातात. डुकराच्या गुडघ्यांत चौपदरी कलम बसवून त्यांनीं तें दर दोन सेकंदांनीं एकदां, ५० पासून २०० न्यूटनांपर्यंत, असें १५०० वेळां ओढलें. म्हणजे ५ किलोंपासून २० किलोंपर्यंत, सतत पन्नास मिनिटें. आणि मग जें उरलें तें तुटेपर्यंत ताणलें. पुन्हां पुन्हां न ओढतां एकदांच तुटेपर्यंत ओढलेल्या नमुन्यांत मांडीच्या बाजूला आडव्या खुंटीच्या जातीचें साधन सुमारें १११२ न्यूटन, बटण १०८६, आणि पाचरीच्या जातीच्या स्क्रूंतला सर्वांत दुबळा ५४६, असे आंकडे आले. नडगीच्या बाजूला उत्तम साधनानें १३३२ न्यूटन घेतले, तर शेवटच्यानें ४७१. एकाच कामासाठीं विकल्या जाणाऱ्या वस्तूंत जवळजवळ तिपटीचें अंतर! आणखी एक गोष्ट अशा प्रयोगांतून दिसते. बळाच्या क्रमानें लावलेली यादी आणि कमी सरकण्याच्या क्रमानें लावलेली यादी, या दोन नेहमीं जुळत नाहींत. शिखरावर पोंचणारा घोडा वाटेंत ठेंचाळत नाहीं असें थोडेंच आहे?

सगळींच साधनें एकाच रीतीनें हारतात असेंहि नाहीं, आणि माझ्या मतें बळाच्या आंकड्यापेक्षां हारण्याची रीतच अधिक बोलकी असते. स्क्रूच्या धारदार आट्यांनीं कंडरा कापली गेली, तर आटे बोथट करावयाचे. कंडरा अखंड राहून भिंतीवरून घसरली, तर स्क्रू जाड किंवा लांब घ्यावयाचा. हाडाचा ठोकळाच फुटला, तर स्क्रू वांकडा शिरला असेल काय हें पहावयाचें. बटण हाडाच्या कवचांतून आंत खचलें, तर त्या रोग्याचें हाडच पोकळ आहे. नुसता आंकडा यांतलें कांहींच सांगत नाहीं.

आतां तो मघांचा ६५८ न्यूटनांचा आंकडा आठवावा. ज्यांचें कलम होतें ते बहुतेक तरुण असतात. मरणोत्तर देहदान करणारे बहुतेक वृद्ध असतात. वृद्धाच्या विरळ हाडांत स्क्रूची परीक्षा घेतली तर तो उगाच दुबळा दिसतो. म्हणून संशोधक खाटिकखान्यांतून डुकराचें किंवा वासराचें हाड आणतात. तें कोंवळ्या वयाचें, एकसारखें आणि मुबलक मिळतें. पण तें तरुण माणसाच्या हाडाहून घट्ट असतें. फिनलंडमध्येंच २००४ सालीं झालेल्या तुलनेंत असें दिसलें कीं, पाचरीच्या स्क्रूच्या बाबतींत डुकराची नडगी ही माणसाच्या नडगीची जागा घेऊं शकत नाहीं. तींत कलम कमी सरकतें आणि अधिक जोराला सुटतें. म्हणजे एक परीक्षक फार खाष्ट, तर दुसरा फार कनवाळू! तिसरा मार्ग म्हणून पॉलियुरेथेनच्या कठीण फेसाचे ठोकळे वापरतात. त्यांच्या दाटपणाच्या प्रती अमेरिकेच्या ए. एस. टी. एम. संस्थेनें एफ १८३९ या मानकांत ठरवून दिल्या आहेत. दोन स्क्रूंची आपसांत तुलना करावयाला हे ठोकळे चांगले. कारण दर खेपेला ‘हाड’ तेंच असतें. पण त्यांत आलेला आंकडा उचलून रोग्याच्या गुडघ्याला लावणें म्हणजे मातीच्या बैलावरून नांगरणीचा हिशेब मांडणें होय.

या सर्व परीक्षांना आणखी एक मर्यादा आहे, आणि ती अटळ आहे. मेलेलें हाड जखम भरून काढीत नाहीं. यंत्रावर दिसतो तो शस्त्रक्रियेच्या दिवसाचा गुडघा; दुसऱ्या दिवसापासून निसर्ग कामाला लागतो. न्यूयॉर्कमध्यें रोडिओ आणि त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालीं कुत्र्यांच्या पायांतील हाडांत कंडरा बसवून ती ठराविक आठवड्यांनीं ओढून पाहिली. आठव्या आठवड्यापर्यंत कंडरा बोगद्यांतून उपसून येई. बाराव्या आठवड्यापासून मात्र हाड तिला सोडीना. नमुना हारला तर अन्यत्र हारे. कंडरा हाडांत रुजली होती. इकडे त्याच महिन्यांत कलमाची दोरी स्वतः कांहीं काळ दुबळी होत जाते, हेंहि प्राण्यांवरील प्रयोगांतून दिसलें आहे. कारण तींतल्या जुन्या पेशी मरतात आणि नवा रक्तपुरवठा यावयाला वेळ लागतो. तेव्हां प्रारंभींचे आठवडे गांठीचे, पुढचे महिने दोरीचे.

माझ्या शेजाऱ्यांना मीं हें सारें सांगितलें तेव्हां ते जरा खट्टू झाले. “मग त्या ९०० चा उपयोग काय?” असें त्यांनीं विचारलें. उपयोग आहे, मीं म्हटलें; पण तो आंकडा घेऊन शस्त्रवैद्यांकडे जा आणि विचारा कीं तो कोणत्या हाडांत मिळाला, पुन्हां पुन्हां ओढल्यानंतर मिळाला कीं आधीं, आणि स्क्रू तोंवर किती सरकला होता. ते गेले. शस्त्रवैद्य गृहस्थ सज्जन होते, रागावले नाहींत. आंकडा डुकराच्या हाडांतला, एका ओढीचा होता. सरकण्याची माहिती कंपनीकडून मागवून घेतो असें ते म्हणाले, आणि नडगीच्या बाजूला स्क्रूच्या जोडीला एक चकतीहि बसवूं असें त्यांनीं आपण होऊनच सांगितलें. कारण नडगीचें हाड तेथें मऊ असतें आणि ताण थेट बोगद्याच्या दिशेनें येतो.

शस्त्रक्रिया होऊन आतां पांचवा महिना चालला आहे. पहिल्या दोन महिन्यांत त्या मुलाला जिन्यावर कठडा सोडूं न देण्याचें काम त्याच्या आजीनें केलें. तिला न्यूटन ठाऊक नाहीं. पण तिचें माहेर देवगडचें, आणि कलम धरण्यापूर्वीं फांदीला झोंका बांधावयाचा नसतो हें तिला पक्कें ठाऊक आहे. आंब्याची सुतळी मागाहून सोडतात. गुडघ्यांतला हा स्क्रू मात्र त्रास नसेल तर बहुधा काढीत नाहींत. तो धातूचा असला तर काम संपल्यावरहि तेथेंच राहतो. मुलाच्या गुडघ्यांतला तसाच आहे, आणि विमानतळावर घंटा वाजेल काय, एवढीच आतां त्याला चिंता आहे.